ट्रान्समीटरचा सिग्नल तपासावा कसा : केबल जोडून की हवेतून?

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी परिसरात मोबाईल टॉवरच्या देखभालीचे काम घेणाऱ्यांना ट्रान्समीटरच्या तपासणीसाठी दोन मार्ग उपलब्ध आहेत : रेडिओ युनिटच्या, म्हणजे ट्रान्समीटर असलेल्या पेटीच्या, पोर्टला केबल जोडणे किंवा टॉवरसमोर अँटेना धरून हवेतून मोजणे. दोन्हींसाठी डिमॉड्युलेशनची, म्हणजे सिग्नलमधील माहिती उलगडण्याची, सोय असलेला ॲनालायझर (सिग्नल मोजणारे यंत्र) लागतो, कारण नुसत्या स्पेक्ट्रमवरून, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर किती शक्ती आहे याच्या आलेखावरून, ईव्हीएम, म्हणजे सिग्नलमधील चिन्हे आदर्श जागेपासून किती टक्के सरकली आहेत, हे कळत नाही. एलटीईसाठी, म्हणजे ४जीसाठी, ही मर्यादा सिग्नलमध्ये माहिती भरण्याच्या पद्धतीनुसार बदलते : क्यूपीएसकेला १७.५ टक्के, ६४ क्यूएएमला ८ टक्के आणि २५६ क्यूएएमला अवघी ३.५ टक्के आहे.

हवेतून मोजण्याची खरी अडचण येथेच आहे. त्याच वारंवारितेवरील शेजारचा सेक्टर (टॉवरचा दुसऱ्या दिशेला प्रक्षेपण करणारा भाग) आपल्या सेक्टरपेक्षा २० डेसिबलने क्षीण असला, तरी त्याच्या एकट्यामुळे ईव्हीएम सुमारे १० टक्के दिसतो, ३.५ टक्क्यांची खात्री करायची, तर हा फरक २९ डेसिबलहून बरेच अधिक हवा, आणि तीन सेक्टरांच्या टॉवरखाली तो क्वचितच मिळतो. लगतच्या चॅनेलमध्ये होणारी गळती तर हवेतून तपासूच नये. तिची मर्यादा मुख्य सिग्नलपेक्षा साधारण ४५ डेसिबल खाली असते आणि निपाणीसारख्या ठिकाणी, जेथे कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही दूरसंचार परिमंडळांचे सिग्नल पोहोचतात, त्या चॅनेलमध्ये दुसऱ्याच कंपनीचे प्रक्षेपण चालू असू शकते.

वारंवारितेतील चूक मात्र हवेतूनही विश्वासाने मोजता येते. मोठ्या क्षेत्राच्या बेस स्टेशनला ०.०५ पीपीएम (दहा लाखांत ०.०५ भाग), म्हणजे १८०० मेगाहर्ट्झवर ९० हर्ट्झ, एवढीच मुभा असल्यामुळे ॲनालायझरने आधी जीपीएसशी जुळवून घेतलेले असणे आवश्यक आहे.

केबलच्या मार्गात आकडे स्वच्छ मिळतात, पण सेक्टर बंद करून जंपर (अँटेनाकडे जाणारी छोटी केबल) सोडवावा लागतो आणि पोर्टवर साधारण ४० वॅट, म्हणजे ४६ डीबीएम, शक्ती असल्याने तेवढी उष्णता सोसणारा अटेन्युएटर (शक्ती घटवणारा जोड) मध्ये घातल्याखेरीज ॲनालायझर जोडू नये. शिवाय जांबोटी किंवा कणकुंबीच्या पावसात जंपरच्या जोडात पाणी शिरले असेल, तर पोर्टवरचा निकाल निर्दोष येतो आणि दोष तसाच राहतो. तो शोधण्यासाठी अँटेना-लाइनची व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती परत फिरते याची, तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

माझ्या मते, वेगळे रेडिओ युनिट आणि वेगळी अँटेना असलेल्या ४जी टॉवरवर उभारणीच्या वेळी, तसेच तक्रारीचे मूळ शोधताना केबलचाच आग्रह धरावा. नियमित फेरीत, विशेषतः पावसाळ्यात चढणे धोक्याचे असताना, हवेतून घेतलेले माप पुरेसे आहे, मात्र त्यावरून ट्रान्समीटर बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये. ५जीच्या सक्रिय अँटेनांमध्ये रेडिओ व अँटेना एकाच पेटीत असून बाहेर जोडणीचे पोर्ट सहसा नसतात, त्यामुळे तेथे हवेतूनच मोजावे लागते. म्हणून एकच यंत्र घ्यायचे असेल, तर ४जी आणि ५जी या दोन्हींचे डिमॉड्युलेशन व जीपीएस असलेला ॲनालायझर घ्यावा आणि दर्जेदार अटेन्युएटर व कपलर (सिग्नलचा छोटा अंश मोजण्यासाठी बाजूला काढणारा जोड) यांसाठी पैसे आधीच बाजूला ठेवावेत.