औषधाच्या बाटलीवरची खूण: रंग की चित्र?

तासगावच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीच्या कीटकनाशकाच्या बाटलीवर दोन भाषा दिसतात. पहिली रंगाची: कोनावर उभ्या चौकटीच्या खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा, हिरवा, असा विषारीपणाचा उतरता क्रम. पोटात गेल्यास लालची घातक मात्रा (एलडी ५०, म्हणजे चाचणीतले निम्मे प्राणी दगावतात ती) शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम, हिरव्याची ५००० च्या वर. दहा फुटांवरून कळते, पण अर्थ आधी शिकावा लागतो. तिथेच घोटाळा होतो. खाद्यपदार्थांवरचा हिरवा ठिपका 'शाकाहारी' सांगतो. त्या सवयीने हिरवा त्रिकोण 'निर्धोक' वाटतो. तो फक्त 'कमी विषारी' आहे, हातमोजे सुटत नाहीत. उन्हात रंग विटला की भाषाच मुकी.

दुसरी चित्रांची: हातमोजे, चष्मा, गमबूट, हात धुणे. काळी-पांढरी, न शिकताही बरीचशी कळणारी. मात्र माशाच्या चित्राचा अर्थ 'माशांना घातक, ओढ्या-विहिरीत धुवण टाकू नका' हे सांगावेच लागते. शिवाय चित्रे इवलीशी असतात.

दुकानात निवडताना रंग पाहा. पंप भरताना चित्रे. लाल त्रिकोणाच्या वरच्या भागातली कवटी मात्र दोन्हीकडची, आणि तीच सगळ्यात कमी चुकते.