क्रोम: डब्यातला स्प्रे की एअरब्रश?

१:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या) मॉडेल गाडीचा बंपर चमकवायचा म्हटलं की ठाण्यात पहिला हात जातो हार्डवेअरच्या दुकानातल्या क्रोम स्प्रेकडे. स्वस्त आणि झटपट. पण थर जाड बसतो, ग्रिलच्या बारीक रेघा बुजतात आणि रंग क्रोमपेक्षा चांदीकडेच झुकतो.

एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या पेनासारख्या फवाऱ्याने, मारायचा अल्क्लॅड ब्रँडचा क्रोम मात्र खरंच आरशासारखा दिसतो. सगळी करामत खालच्या चकचकीत काळ्या थरात आहे. तो पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर धुळीचा कणही राहू द्यायचा नाही, मग हवेच्या १२ ते १५ पीएसआय दाबावर अगदी विरळ हात फिरवायचे. हावरेपणाने जास्त मारलंत की आरसा जाऊन करडा पत्रा उरतो. कॉम्प्रेसरचा खर्च आहेच.

वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला की चमक दोन्हींची उतरते, म्हणून भाग काडीवर अडकवून रंगवावा आणि अगदी शेवटी चिकटवावा. जुलैत घोडबंदरच्या गॅलरीत तर दोन्ही नकोत. दमट हवेत लॅकर (झटपट वाळणारा रंग) पांढुरका पडतो.

बंपर आणि आरशांना मी एअरब्रशच वापरतो. इंजिनाच्या झाकल्या भागांना स्प्रे पुरतो. मास्क दोन्ही वेळी लावाच.