सीएमबीमध्ये पॅटर्न शोधायचाय? नुसतं बघायचं, जुनंच तपासायचं की स्वतःचं काही काढायचं

सीएमबीचा, म्हणजे बिग बँगनंतर उरलेल्या आणि अख्ख्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा, नकाशा थोडा वेळ बघत बसलं की काहीतरी दिसतंच, गोल दिसतात, रेघा दिसतात, आणि असा नकाशा बनवणाऱ्या नासाच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या टीमनेच विसंगतींवरच्या (नेहमीच्या मॉडेलात न बसणाऱ्या गोष्टींवरच्या) आपल्या पेपरात दाखवलंय की त्यांच्या नकाशात स्टीफन हॉकिंगची एस आणि एच ही अक्षरं चक्क वाचता येतात. त्यामुळे प्रश्न "दिसतंय का" हा नाहीच, असं दिसायला नुसता योगायोग पुरतो का हा आहे. वेळ कुठे घालवायचा ते त्यावरून ठरवा.

पहिला रस्ता, तयार इमेज घ्यायची आणि डोळ्यांनी किंवा फोटो एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून शोधायचं. बघायला मजा येते, पण शोध म्हणून शून्य. तो अंडाकृती आकार म्हणजे अख्खं गोल आकाश सपाट केलेलं असतं, कडेला सगळं ताणलं-वाकलं जातं, रंग कुठे बदलायचा ते कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि तापमानातला मूळ फरक असतो 2.725 केल्विनमध्ये साधारण लाखात एक भाग एवढाच. इमेजमधल्या पिक्सेलवर कुठलंही गणित करू नका, बस.

दुसरा रस्ता, आधीच गाजलेली विसंगती घेऊन स्वतः पडताळायची. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करा. उदाहरणार्थ कोल्ड स्पॉट, म्हणजे नकाशातला नेहमीपेक्षा थंड डाग, एरिडॅनस तारकासमूहाच्या दिशेला, गॅलॅक्टिक रेखांश 209 अंश आणि अक्षांश उणे 57 च्या आसपास, साधारण 10 अंश रुंद. 2004 मध्ये डब्ल्यूमॅपच्या डेटात तो मेक्सिकन हॅट वेव्हलेट (मधे उंच, भोवती खोलगट असा टोपीसारखा गणिती साचा) वापरून सापडला आणि फार दुर्मिळ वाटला. नंतर 2010 मध्ये दुसऱ्या दोघांनी तीच जागा साध्या गोल चकतीची सरासरी काढून तपासली तर ती तितकीशी वेगळी निघेना! कारण वेव्हलेटला नुसता थंड मधला भाग नाही तर त्याच्याभोवतीचं किंचित गरम कडंही मोजायला मिळतं. जागा तीच, डेटा तोच, मोजायची पट्टी बदलली की दुर्मिळपणा बदलला, आणि हे स्वतः करून बघता येतं, लॅपटॉपवर, पायथॉन आणि हीलपाय (गोल आकाशाचे नकाशे हाताळायची पायथॉन लायब्ररी) एवढ्यावर.

तिसरा रस्ता म्हणजे स्वतःचा नवा पॅटर्न. इथे 2010 चं गुरझाद्यान आणि नामवंत भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज यांचं प्रकरण लक्षात ठेवा, समकेंद्री वर्तुळं सापडली, म्हणजे बिग बँगच्या आधीच्या युगाच्या खुणा असा दावा होता, थोड्याच दिवसांत तीन वेगळ्या गटांनी तपासलं, वर्तुळं होती खरी पण विश्वाच्या नेहमीच्या मॉडेलवरून कॉम्प्युटरवर बनवलेल्या आकाशांतही तशीच निघाली. तिथे पेनरोजची ही गत तर आपली काय कथा. म्हणून या रस्त्यावर आधी किमान हजारभर खोटी आकाशं बनवा आणि आपला पॅटर्न त्यांतही किती वेळा निघतो ते मोजा, हीलपायमधलं सिनफास्ट तेच काम करतं, फक्त त्याला खरा पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या आकाराचे चढउतार किती तीव्र याचा हिशोब) द्या, साधा पांढरा नॉइज चालणार नाही कारण खऱ्या आकाशात जवळजवळचे पिक्सेल एकमेकांशी जोडलेले असतात. आणि किती आकार ट्राय केले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. 100 त एक अशी दुर्मिळ गोष्ट 50 वेगवेगळ्या प्रकारे शोधलीत तर कुठेतरी ती सापडायची शक्यता जवळपास 40 टक्के होते.

आता डेटा कुठला. डब्ल्यूमॅपचे नेहमीचे नकाशे 31 लाख पिक्सेलचे, प्लँक या नंतरच्या युरोपीय उपग्रहाचे फुल रिझोल्यूशनवाले 5 कोटींच्या वर, म्हणजे एकच नकाशा डबल प्रिसिजनमध्ये साधारण 400 एमबी रॅम खातो, हजार आकाशं त्या साइजला करायचा विचारसुद्धा नको. मोठे आकार शोधायचे असतील तर प्लँकचा नकाशा घेऊन एनसाइड (नकाशाच्या रिझोल्यूशनचं माप) 64 ला उतरवा, 49,152 पिक्सेल उरतात आणि सगळं पटापट चालतं. बारीक 1-2 अंशांखालचं काही हवं असेल तर मात्र हे चालणार नाही. प्लँकचा फायदा म्हणजे स्मिका, निल्क, सेव्हेम, कमांडर असे चार वेगवेगळ्या पद्धतीने साफ केलेले नकाशे मिळतात, पॅटर्न एकातच दिसला तर तो बहुतेक आपल्या आकाशगंगेची धूळ किंवा सफाईचा उरलेला गाळ. डब्ल्यूमॅप आणि प्लँक दोन्हीत दिसला तर उपकरणाचा दोष नाही एवढंच कळतं, योगायोग नाही असं त्यातून सिद्ध होत नाही, आकाश तर एकच आहे ना.

मास्क (भरवशाचा नसलेला भाग झाकणारा नकाशा) न लावता काही करू नका, आकाशगंगेच्या पट्ट्यात काही नकाशांमध्ये पिक्सेल चक्क अंदाजाने भरलेले असतात. युनिट बघा, प्लँक केल्विनमध्ये देतं आणि डब्ल्यूमॅप मिलिकेल्विनमध्ये. आणि फाइल हीलपायच्या रीडमॅपने न उघडता दुसऱ्या कशाने उघडलीत तर ऑर्डरिंग, म्हणजे पिक्सेलचा क्रम नेस्टेड आहे की रिंग, ते तपासा, नेस्टेड फाइल रिंग समजून काढली की अख्ख्या आकाशावर इतकी सुंदर नियमित जाळी उमटते की परग्रहवासी सापडले असंच वाटेल.