दहा फुटांवर शेजार: टेक्सासमधल्या मोठ्या घरात राहून पाहिल्यावर

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्रॉस्पर, सेलिना या पट्ट्यात आपली बरीच मराठी मंडळी घरं घेत आहेत आणि घेण्याआधी आम्हाला विचारत आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमचं घर 3,500 चौरस फुटांचं, दुमजली. लॉट, म्हणजे घराचा प्लॉट, 50 फूट रुंद, 120 फूट खोल. दोन्ही बाजूंना हद्दीपर्यंत पाच-पाच फूट मोकळे, म्हणजे शेजारची भिंत आमच्या भिंतीपासून दहा फुटांवर. इथला आमचा दुसरा उन्हाळा आता संपत आला आहे.

1947 साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन वसायला लागलं. तिथे 60 बाय 100 फुटांच्या लॉटवर 750 चौरस फुटांचं घर होतं. आमचा लॉटही बरोबर 6,000 चौरस फुटांचाच भरतो. जमीन तेवढीच राहिली, घर साडेचार पटींहून मोठं झालं, आणि ती वाढ वरच्या मजल्यातून आणि अंगणातून निघाली. शोरूमसारखं सजवलेलं मॉडेल होम बघताना हे लक्षात येत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष किचनच्या आयलंडकडे असतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा घराची पारख किचनमध्ये करू नये, दोन घरांमधल्या त्या दहा फुटांत उभं राहून करावी.

तिथे बरंच काही दाटलेलं असतं. दोन्ही घरांचे एसीचे बाहेरचे युनिट, छतावरून उतरणारं पाणी, गॅस आणि विजेचे मीटर, आणि मधोमध पाणी रस्त्याकडे नेणारी उताराची चर. इथली जमीन काळी आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच जातीची. हा पट्टाही एकेकाळी कापसाचाच होता. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, आणि आपलं अख्खं घर तिच्यावर काँक्रीटच्या स्लॅबवर बसलेलं असतं. चरीत पाणी साचून एक बाजू ओली राहिली आणि दुसरी कोरडी ठणठणीत झाली, तर स्लॅब असमान हलतो. दारं चौकटीत अडकायला लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. म्हणून इथे उन्हाळ्यात घराच्या पायालाही पाणी घालतात: भिंतीपासून फूटभर अंतरावर झिरपणारा पाइप टाकून, थोडं थोडं. आम्ही तो पहिल्याच जूनमध्ये टाकला आणि अजून एकही भेग नाही. पण शेजाऱ्यांनी हौसेने त्याच पट्ट्यात फरशा बसवून चर अडवली, तर पाणी तुमच्याकडे येतं. घर बघायला जाल ते जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा.

पाच फुटांचा हिशेब आगीचाही आहे. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेनुसार, घरात आग विझवणारे स्प्रिंकलर नसतील तर हद्दीपासून पाच फुटांच्या आतली भिंत तासभर आगीला तोंड देणारी असावी लागते. ती महाग पडते, म्हणून बिल्डर नेमका पाच फुटांवर थांबतो. 30 डिसेंबर 2021 ला कोलोरॅडोत सुपीरियर आणि लुईव्हिल या उपनगरांत गवतातून आलेली आग सोसाट्याच्या वाऱ्यात घराघरांतून पसरली आणि हजाराहून जास्त घरं गेली. आमच्याकडेही वारा आणि वाळलेलं गवत दोन्ही आहे. त्यामुळे त्या पट्टीत कचऱ्याचे डबे, लाकूड, पुठ्ठे ठेवायचे नाहीत, हा आमचा घरातला पक्का नियम आहे.

आता दिशा. या विषयावर मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. घरं इतकी जवळ असली की बाजूच्या भिंतींवर शेजारच्या दुमजली घराची सावली पडते, हा खरा फायदा. मग ऊन झेलायला उरतात फक्त पुढची आणि मागची बाजू. आपल्या लोकांना पूर्वेकडे तोंड असलेलं घर हवं असतं. म्हणजे बॅकयार्ड, पॅटिओ (मागची बसायची फरसबंद जागा) आणि हॉलच्या मोठ्या काचा पश्चिमेला. जुलैत संध्याकाळी सहाला, ऑफिस-शाळा आटोपून बाहेर बसावं म्हटलं, तर ऊन थेट तोंडावर आणि तापमान 38 अंशांच्या आसपास. आमचं घर दक्षिणमुखी आहे. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण आमचं बॅकयार्ड उत्तरेला आहे आणि दुपार कलली की पॅटिओवर बसता येतं. वास्तू मानणाऱ्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. तरीही टेक्सासच्या उन्हाचा विचार आधी करा, एवढं मनापासून सांगेन.

घराच्या आतल्या मोठेपणाबद्दल थोडक्यात. मीडिया रूम आणि पुढची औपचारिक डायनिंग रूम आम्ही जवळजवळ वापरत नाही, पण थंड मात्र करतो. उन्हाळ्यात वरचा मजला तापतो, दोन एसी लागतात आणि ऑगस्टचं बिल चारशे डॉलरच्या पुढे जातं. रोजची कामवाली नसलेल्या देशात साडेतीन बाथरूम घासायला शनिवारची सकाळ जाते. याउलट खालच्या मजल्यावरची बेडरूम आणि तिला लागून असलेलं बाथरूम सोन्याच्या मोलाचं. आईबाबा सहा महिने राहून जातात, आईचे गुडघे दुखतात, आणि त्यांना एकदाही जिना चढावा लागला नाही. गणपतीत पन्नास-साठ माणसं आरतीला मावतात, पंगत बसते. गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न उरतोच, कारण अरुंद लॉटसमोर ड्रायवे सोडला तर रस्त्यावर जेमतेम एक गाडी राहते.

आवाजाची मला भीती होती, ती बरीचशी फोल ठरली. भिंती स्वतंत्र असल्याने टीव्ही, भांडणं, मिक्सर काही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो एसीच्या युनिटचा घुमारा, त्यामुळे त्या बाजूला झोपायची खोली नको. बाजूच्या खिडक्या समोरासमोर येतात आणि त्यांचे पडदे आमच्याकडे कायम ओढलेले असतात, हे मला अजूनही खटकतं. चिमणी घेताना मात्र धूर बाहेर टाकणारी आहे ना, आणि तिचं तोंड कुठे उघडतं, ते बघा. मासे तळले की वास थेट शेजारच्या खिडकीत जाऊ नये.

शेजाराचं सुख मी आधी धरलंच नव्हतं. एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला गुजराती. मुलं फोन न करता एकमेकांच्या दारात जातात. भारतातून आलेले आजी-आजोबा सकाळी एकत्र ट्रेलवर फिरतात, आणि दुकानापर्यंत चालत जाता न येणाऱ्या या वस्तीत बाबांचे सहा महिने त्या गप्पांवर निघतात. एकरभराच्या लॉटवर हे झालं नसतं.

पैशांचं शेवटी. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण मालमत्ता कर घराच्या किमतीच्या साधारण दोन टक्के. स्वतः राहत असाल तर होमस्टेड सवलतीचा अर्ज लगेच भरा. त्याने करपात्र किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढत नाही. शिवाय इथे गारपीट नेहमीची, आणि विम्यात वारा-गारपिटीसाठी आपल्या खिशातून भरायचा वाटा बहुधा ठरावीक रक्कम नसतो, तर घराच्या विम्याच्या रकमेच्या एक-दोन टक्के असतो. सहा लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे बारा हजार डॉलर. घर जेवढं मोठं, तेवढा हा आकडा मोठा. पन्नास फुटी लॉटवर मी कोणालाही 2,800 चौरस फुटांच्या वरचं घर सुचवत नाही.