स्टेशनजवळचा स्पोकन इंग्लिश क्लास : मॅडम असतील तरच जा

साडेतीन स्टार देतेय. नाव मुद्दाम लिहीत नाही, ठाणे स्टेशनवरून गोखले रोडला लागलं की असे क्लास पायलीला पन्नास, त्यातलाच एक. दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस, फी साडेसहा हजार.

मी मराठी मीडियमची. मेल लिहिताना अडत नाही पण कॉलवर तोंड उघडलं की ततपप. आणि घरी लेक इंग्लिश मीडियमवाली, "आई, टुडे मॉर्निंग नाही गं, धिस मॉर्निंग" हे दिवसातून चारदा, शेवटी तिच्यासमोर इंग्लिश बोलायचंच सोडलं मी.

पहिला महिना मॅडमनी घेतला, तेवढ्यात पैसे वसूल. त्या नुसतं चूक म्हणून सोडत नाहीत, ती मराठीतून कुठून आली ते सांगतात. आज सकाळी म्हणून टुडे मॉर्निंग, डोकं दुखतंय म्हणून माय हेड इज पेनिंग, दिवा बंद कर म्हणून क्लोज द लाईट. आय डिडन्ट वेन्ट का चुकीचं, तर भूतकाळ डिडमध्येच होऊन गेला, परत वेन्ट कशाला, हे शाळेत असं कुणी सांगितलंच नव्हतं. उच्चारात तर आपला एकच व, व्हीला पण तोच आणि डब्ल्यूला पण तोच. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आणि डब्ल्यूला शिट्टी मारताना करतो तसा ओठांचा चंबू. मॅडम म्हणाल्या तुम्ही व्ही लावून ठाणे वेस्ट म्हणता ना, ते ठाणे बनियन होतं. इतकी वर्षं फोनवर हाच पत्ता देतेय मी!! आणि कर्जवाल्या डेटमधला तो न बोलायचा बी, तो म्हणे फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा नव्हताच, नंतर पंडितांनी लॅटिन डेबिटमसारखं दिसावं म्हणून स्पेलिंगमध्ये घुसवला. हौस त्यांची आणि हातावर पट्ट्या आम्ही खाल्ल्या.

दुसऱ्या महिन्यात मॅडम सुट्टीवर आणि सर आले. बँकेतून रिटायर झालेले एक काका ऑफ्टन म्हणाले तर सरांनी त्यांना सगळ्या बॅचसमोर उभं करून तीनदा ऑफन म्हणायला लावलं. अहो डिक्शनरीत दोन्ही उच्चार आहेत! शेड्यूल म्हटलं की स्केज्यूल म्हणा, पण ते अमेरिकन झालं, शेड्यूल ब्रिटिश आहे, चूक कुठाय त्यात? प्रीपोन असा शब्दच नाही म्हणाले. लेकीने ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत काढून दिला, इंडियन इंग्लिश म्हणून रीतसर दिलाय, तो दाखवला तर "नेटवर काय वाट्टेल ते येतं". आणि स्वतः रोज "वन ऑफ माय स्टुडन्ट", स्टुडन्टचा एस खाऊन. मी बोलले नाही काही, पण एकदा ते कानाला लागलं की पुढचं डोक्यात शिरायचंच नाही. लेकीला माझं ऐकून काय होत असेल ते तेव्हा कळलं जरा.

काका शेवटपर्यंत येत राहिले पण नंतर बोलले नाहीत. दीड स्टार त्याचा कापलाय.

एसी चांगला आहे, नोट्स ठीकठाक झेरॉक्स. फी भरायच्या आधी कोणाची बॅच ते विचारून घ्या. पार्किंग अजिबात नाही, रिक्षाने जा, आणि रिक्षावाल्याला सरळ पश्चिम म्हणा.