डी-नेट: ऑक्टोबर ते मे, कोयना खोऱ्यातल्या ओढ्यांत वापरून

ओढ्यांतल्या जलकीटकांच्या पाहणीवर मी हंगामी काम करतो. पाऊस सरून पाणी ओसरलं की काम सुरू, उन्हाळ्यात ओढे आटले की बंद. पगाराचंही तसंच. यंदा पाटण तालुक्यात होतो आणि सगळा हंगाम एकाच जाळ्यावर काढला: डी आकाराची चौकट, सपाट बाजू ३० सेंटिमीटर, पिशवीची जाळी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांची.

पिशवी बरी, दांडा भंगार.

वापर सोपा आहे. सपाट कड तळाला टेकवायची, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि वरच्या अंगाला उभं राहून पायाने गोटे ढवळायचे. सुटलेले किडे वाहत आत येतात. जाळी जितकी बारीक तितकी चांगली असं समजून काही जण २५० मायक्रॉनची घेतात. ऑक्टोबरच्या गढूळ पाण्यात तिच्यात गाळ बसतो, पाणी आरपार जायचं थांबतं, तोंडाशी तुंबतं आणि आलेले किडे कडेने निसटतात. ५००ला हा त्रास क्वचित होतो. चौकटीभोवती जाड कॅनव्हासची पट्टी शिवलेली आहे ना, तेवढं बघून घ्या. कातळावर आधी ती झिजते, जाळी शाबूत राहते. खेकडा आत आला की मात्र इलाज नाही, तो नांगीने सरळ भोक पाडतो.

शिवण कुठल्या बाजूला दुमडली आहे, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. माझ्या जाळ्यात ती आतल्या बाजूला होती आणि तिच्या घडीत किडे दडून बसायचे. हे किरकोळ वाटेल, पण नाही. सापडलेल्या किड्यांवरून पाण्याची स्वच्छता ठरवणाऱ्या, मूळच्या ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात आणि कुळातला एक जीव सापडला काय, शंभर सापडले काय, गुण तेवढेच. हेप्टाजेनिडी कुळातलं मेफ्लायचं (मोठेपणी पाण्याजवळ उडणारा नाजूक कीटक) पिल्लू, चपट्या अंगाचं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे थेट १०. घाण पाण्यातही तगणाऱ्या कायरोनोमिडी कुळाच्या अळ्यांना २. वरच्या स्वच्छ ओढ्यातलं एखादं पिल्लू शिवणीत राहिलं आणि गावाखालच्या सांडपाण्याच्या ओढ्यावर किडे वेचायच्या ट्रेमध्ये पडलं, तर त्या घाण पाण्याला फुकटचे १० गुण. म्हणून प्रत्येक ठिकाणी पिशवी उलटी करून धुवायची आणि शिवण बोटाने चाचपायची.

शेवटी पाटणच्या एका टेलरमामांकडून नवी पिशवी शिवून घेतली. नायलॉनची जाळी शहरात मीटरवर मिळते. शिवण बाहेर, दुहेरी टाका. “एवढ्या बारीक जाळ्यात मुऱ्या तर घावायच्या न्हाईत,” मामा म्हणाले. मुऱ्या म्हणजे ओढ्यातले छोटे मासे. किडे धरतो म्हटल्यावर शिलाईचे पैसे घेताना जरा संकोचलेच. मूळ पिशवीपेक्षा ही सरस निघाली.

दांडा ॲल्युमिनियमचा, तीन तुकड्यांचा. सांध्यातल्या कळीत वाळू गेली की तो ना उघडतो ना बसतो. विक्रेत्याला दोनदा मेल केली, उत्तर नाही. मी बांबू ठोकला. लांबीला बरा, आणि निसरड्या कातळावर टेकायला काठीही होते.

सोबत वेडर्स (छातीपर्यंत येणारी, गमबूट जोडलेली जलरोधक विजार) घ्यावेत का, असं बरेच जण विचारतात. आपल्याकडे नको. पाणी थंडगार नसतं, आत घाम साचतो आणि गमबुटात पाणी शिरलं की पाय उचलत नाही. कॅनव्हासचे बूट घालून सरळ भिजा.

या जाळ्याच्या मर्यादाही आहेत. गोट्यांना घट्ट चिकटलेल्या, नाण्यासारख्या गोल चपट्या वॉटर पेनी अळ्या कितीही ढवळलं तरी सुटत नाहीत. त्यासाठी दगड हातात घेऊन मऊ ब्रशने सोडवाव्या लागतात. एप्रिलनंतर धार तुटून नुसते डोह उरले की ढवळण्याचा उपयोग नाही, किडे आत आणायला प्रवाहच नसतो. तेव्हा कडेच्या गवतातून, मुळांखालून जाळं ओढायचं. चतुर-टाचण्यांची पिल्लं तिथे भरपूर मिळतात, पण असे नमुने हिवाळ्यातल्या नमुन्यांशेजारी ठेवून तुलना करू नका.