मोकळ्या जागांचं निर्जंतुकीकरण: ड्रोन, पाठीवरचा पंप की बादली आणि फडकं?

बाजार, बसस्थानक, बाग निर्जंतुक करायला ड्रोन घ्यावा, असा प्रस्ताव समोर आला की पहिला आकडा असतो क्षेत्रफळाचा. तो आकडा सहसा खरा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधल्या शेनझेन शहरात शेतीच्या ड्रोनने ३० लाख चौरस मीटरवर जंतुनाशकाची फवारणी झाल्याचं ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीनेच जाहीर केलं होतं. पण जंतुनाशकाच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे. पृष्ठभाग किती भिजतो आणि किती वेळ ओला राहतो?

शेतात १० लिटरची टाकी साधारण एका एकरावर संपवतात. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम अडीच मिलिलिटर, अर्धा चमचा. फरशीवर ते अगदी सारखं पसरलं असं धरलं तरी थर अडीच मायक्रॉनचा होतो. केस त्याच्या वीसपटीहून जाड असतो. पिकाला एवढं पुरतं, कारण आंतरप्रवाही औषध पान शोषून घेतं. क्लोरीनच्या द्रावणाला मात्र काम करायला निदान मिनिटभर ओलावा लागतो, आणि उन्हा-वाऱ्यात इतका पातळ थर तेवढा टिकत नाही.

मग प्रमाण वाढवा, असं कोणीही म्हणेल. वीसपट केलं तर त्याच टाकीत २०० चौरस मीटर होतात. पुढच्या २०० चौरस मीटरसाठी ड्रोन खाली उतरवायचा, टाकी भरायची, बॅटरी बदलायची. ज्या वेगासाठी तो घ्यायचा, तो वेग इथेच संपतो.

पाठीवरचा पंप संथ आहे. भरलेला पंप, मास्क, गॉगल, हातमोजे घालून उन्हात चालणं हे फार कष्टाचं काम आहे, आणि ते करणाऱ्याची काळजी घेणार नसाल तर हा पर्यायही निवडू नका. पण माणूस वाकतो. बाकाच्या हाताची खालची बाजू, कठड्यामागचा भाग, नळाची चावी, फाटकाची कडी, म्हणजे लोकांची बोटं जिथे खरोखर लागतात तिथे तो नोझल नेतो. ड्रोनचा फवारा वरून येतो, या जागा कोरड्याच राहतात. शिवाय माणसाला घाण दिसते आणि तो आधी ती घासून काढू शकतो. हा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण माती आणि सेंद्रिय कचरा क्लोरीनला निकामी करतात. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रस्ते-बाजारांत फवारणी किंवा धुरळणी करू नये असं सांगितलं, त्यातलं एक कारण हेच होतं. माणसांच्या अंगावर तर कोणत्याही परिस्थितीत फवारू नये, असंही तिथे स्पष्ट म्हटलं होतं.

ड्रोनचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर वाहतात. हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणातलं रसायन, डोळ्यांत, फुफ्फुसांत गेलं की जळजळ होते, कपड्यांचे रंग उडतात, जवळ तळं असेल तर माशांना धोका. धातूही गंजतो, त्यात ड्रोनचे स्वतःचे सांधे आले. म्हणजे परिसर मोठ्या अंतरापर्यंत रिकामा करायला हवा. उड्डाणाची परवानगी आणि प्रशिक्षित चालक हे वेगळंच.

तरी ड्रोन सरसकट नाकारू नका. दलदल, तीव्र उतार, साचलेली पाणथळ जागा, जिथे माणूस पाठवणं धोक्याचं, तिथे तो उत्तम आहे. २०१९ मध्ये टांझानियातल्या झांजिबारला भातखाचरांतल्या डासांच्या अळ्या मारण्यासाठी ड्रोनने फवारणी करून पाहिली गेली. तिथे पाण्यावर द्रव पसरवायचा होता, बाकाखाली पोचवायचा नव्हता. तुमची अडचण डासांची असेल तर हा प्रस्ताव नक्की पुढे न्या.

फक्त हातांचा स्पर्श होणाऱ्या जागांचा प्रश्न असेल, तर साबण-पाणी, मग फडक्याने जंतुनाशक, आणि जवळ हात धुण्याची सोय, यावरच आधी खर्च करा. पायाखालचा रस्ता निर्जंतुक करण्याची सहसा गरजच नसते.

विक्रेता प्रात्यक्षिक द्यायला तयार असेल तर टाकीत साधं पाणी भरायला सांगा. ओल लागताच पिवळ्याचा निळा होणारा कागद फवारणी तपासायला मिळतो. त्याच्या पट्ट्या बाकाच्या वर, बाकाखाली आणि कठड्याच्या मागच्या बाजूला चिकटवा. एक उड्डाण होऊ द्या, मग पट्ट्या काढून शेजारीशेजारी ठेवा. तशीच चाचणी पंपवाल्याचीही घ्या, आणि कंत्राटावर सही त्यानंतरच करा.